बिनकिल्लीची गाडी

गाडी दुकानात येते, दुकान उठून गाडीकडे जात नाही, असा करंटकाकाचा नियम होता. चाळीस वर्षं पाळला आणि मोडला तो एका चष्मेवाल्यासाठी. मोडायचाच होता तर निदान बऱ्या माणसासाठी मोडायचा. पण माणूस बरा की वाईट हे फोनवर कळत नाही.

करंटकाका म्हणजे गाड्यांचा वायरमन. तोंडावर लोक करंटकाका म्हणत आणि पाठ वळली की करंटा. त्याला ते ठाऊक होतं. तोही लोकांना पाठीमागे काही फुलं वाहत नव्हता. जिभेवर विष आणि हातात कला, असा माणूस. कला होती म्हणायचं, कारण वर्षभरापासून त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. कप बशीत वाजायचा. मुलाने ते पाहिलं आणि भर जेवणात सांगून टाकलं, "बाबा, आता एक जरी काम बिघडलं, तरी दुकान बंद. किल्ली माझ्याकडे."

मुलगा बोलेल ते करणारा. बापावरच गेला होता.

म्हणून करंटकाकाला एक चोख काम हवं होतं. असं, की पोराने तोंडात बोट घालावं. आणि नेमका तेव्हा चष्म्याच्या दुकानाच्या मालकाचा फोन आला.

"काका, जुन्या गाडीला बटण स्टार्ट बसवून देता का? दाबलं की चालू, तसलं."

"देतो की. घेऊन या गाडी."

"येत नाही. किल्ली नाही."

"हरवली?"

"टाकली," चष्मेवाला म्हणाला आणि हसला. "तुम्ही या तर खरं."

दुपारी एकच्या सुमाराला करंटकाका त्याच्या घरी पोचला. घरामागे गॅरेज होतं. लांबट, अरुंद, एका टोकाला लोखंडी शटर, दुसऱ्या टोकाला भिंत आणि भिंतीला टेकून गुडघ्याएवढा सिमेंटचा कट्टा. बाजूला स्वयंपाकघरात उघडणारं दार. गाडी तोंड आत करून उभी. बंपर आणि कट्टा यांच्यामध्ये माणूस अंग चोरून जेमतेम उभा राहील एवढी फट. गाडी वीस वर्षांची, पण म्हाताऱ्या बाईने जपलेल्या पातळासारखी नीट. टपावर मात्र बोटभर धूळ.

"मेव्हण्याने नवी घेतली, बटणवाली," चष्मेवाला म्हणाला. "सारखं नाचवतो. म्हटलं आपणही लावू. आज संध्याकाळी येतोय तो. तोवर झालं पाहिजे." त्याच्या डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा होता. सगळ्या गावाला नीट दिसावं म्हणून चष्मे देणारा माणूस, पण त्याच्या चष्म्यात बघणाऱ्याला आपलंच तोंड दिसायचं.

"किल्ली कुठे टाकलीत?"

"गटारात. म्हाताऱ्यासमोर." त्याने खांदे उडवले. "आमचे बाबा. डोकं गेलं होतं. सकाळ-संध्याकाळ एकच, किल्ली दे, गाडी काढतो, किल्ली दे. एकदा धरलं बखोट, गटाराशी नेलं आणि डोळ्यांदेखत टाकली. म्हटलं, शोध आता."

"मग?"

"मग काय. शोधली त्यांनी. हाताने." तो पुन्हा हसला. "गेले बिचारे. झाले चार महिने. लागा कामाला, मी पडतो जरा."

दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही, हाही करंटकाकाचा नियम. तो गाडीत बसला. गिअर पहिल्यात होता. जुनी माणसं गाडी लावताना गिअरमध्ये ठेवतात, घरंगळू नये म्हणून. त्याने दांडा मधे आणून न्यूट्रल केला आणि मग किल्लीच्या भोकाकडे पाहिलं.

भोकाभोवती ओरखडे होते. पुष्कळ. नखाने काढल्यासारखे, गोल गोल. सगळ्या गाडीवर धूळ आणि तेवढीच जागा चकचकीत, जशी काही सकाळीच कोणी घासली.

असेल, म्हणाला तो मनात. उंदीर असेल.

आता हे काम कसं असतं ते थोडक्यात ऐका, म्हणजे पुढचं कळेल. जुन्या गाडीत किल्ली दोन कामं करते. एक, वीज सोडते. दुसरं, स्टेअरिंगचं कुलूप उघडते. बटण लावायचं तर हे कुलूप मुळासकट उपटावं लागतं, नाहीतर चालत्या गाडीत स्टेअरिंग अडकून माणूस मरेल. मग किल्लीच्या जागी बटण. पण नुसत्या बटणावर गाडी सुरू होऊ देत नाहीत. शहाणी माणसं ब्रेकची वायर त्यात घेतात. ब्रेकवर पाय असेल तरच बटणाभोवतीची लाल कडी हिरवी होते, आणि हिरवी असतानाच बटण चालतं. म्हणजे काय, तर किल्ली नको. एक पाय आणि एक बोट असलं की पुरे.

त्याने आधी ब्रेकची वायर तपासली. टेस्ट लॅम्पचं टोक लावलं, पेडल हाताने दाबलं. दिवा लागला. सोडलं. विझला. झकास. मग ड्रिल लावून कुलूप फोडायला घेतलं. पंधरा मिनिटं लोखंड किंचाळत होतं. शेवटी कुलूप सुटून त्याच्या तळहातावर पडलं. एवढंसं, जड, आणि उन्हात ठेवलेल्या दगडासारखं गरम. ड्रिलने तापलं असणार.

कुलूप त्याने बाजूच्या सीटवर ठेवलं आणि खाली घुसला. डोकं पेडलांपाशी, पाठ गाडीच्या तळावर, पाय सीटवरून दाराबाहेर. चाळीस वर्षं तो असाच उलटा लटकून जेवला होता, म्हणजे पोट भरलं होतं. तोंडात बॅटरी, हातात पक्कड. ड्रिल थांबल्यावर गॅरेजमध्ये आवाज म्हणून उरला नव्हता. कुठेतरी फ्रीज घरघरत होता, तोही थांबला.

टेस्ट लॅम्प ब्रेकच्या वायरवर तसाच अडकवलेला होता.

तो लागला.

करंटकाकाने शिवी हासडली. ब्रेकचा स्विच चिकटला म्हणायचा. त्याने मान वळवली. स्विच ठीक होता. पेडल खाली गेलेलं होतं. त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर, पूर्ण खाली, आणि तिथेच थांबलेलं.

त्याने हाताने पेडल वर ओढलं. येईना. स्प्रिंग गंजली की असं होतं. त्याने जोर लावला, तसं ते अर्ध्या बोटाने वर आलं, आणि मग सावकाश, अगदी सावकाश, पुन्हा खाली गेलं. त्याच्या हातासकट. गंजलेली स्प्रिंग अडकते. ती माणसाशी जोर करत नाही.

तेव्हा त्याला वास आला. सांध्यांना चोळायच्या मलमाचा, आणि त्याखाली दुसरा, गटाराच्या गाळाचा.

तो ज्या वेगाने बाहेर आला, त्या वेगाने तो गेल्या दहा वर्षांत कुठून बाहेर आला नव्हता. गुडघा फुटला. मागे शटरवर लाल उजेड पडला होता, दोन्ही बाजूंचे ब्रेकचे दिवे भर दुपारी जळत होते. गाडीत कोणी नव्हतं. सीट रिकामी. सीटच्या मधोमध मात्र खळगा पडलेला, आणि तो भरून येत नव्हता.

"काका... चहा."

स्वयंपाकघराच्या दारात चष्मेवाल्याची बायको उभी होती. चाळिशीची, हडकुळी. ती करंटकाकाकडे बघत नव्हती. शटरवरच्या लाल उजेडाकडे बघत होती, आणि कप तिने न बघताच गाडीच्या टपावर ठेवला.

"कुलूप काढलंत?" तिने विचारलं.

"काढलं. का?"

"परत नाही का बसवता येणार? नवी किल्ली करून... पूर्वीसारखं?"

"नवऱ्याला विचारा. मी हुकमाचा ताबेदार. पण ताई, खरं सांगा. हे काय आहे?"

ती आत वळून बघून आली. नवरा घोरत होता. मग ती इतक्या हळू बोलली, की करंटकाकाला तिच्या ओठांकडे बघावं लागलं.

"किल्ली टाकल्यापासून सासरे रोज गाडीत येऊन बसायचे. ब्रेकवर पाय, हात भोकाशी. हे म्हणायचे, बसू दे, तेवढीच घरात शांतता. एक दिवस... उन्हाळा होता. ह्यांचे मित्र यायचे होते पत्ते खेळायला. हे म्हणाले, दाराला कडी घाल, म्हातारा मधे मधे नको. शटर बाहेरून बंदच होतं."

"आणि तुम्ही घातलीत?"

"घातली." तिने पदर तोंडाशी नेला. "दोन वाजता हॉर्न वाजला. तीनदा. हे मित्रांना म्हणाले, बघा, पिताश्री निघाले प्रवासाला. सगळे हसले. मी वाळत घातलेले कपडे काढायला मागे गेले, तर शटरखालून लाल उजेड दिसत होता. म्हटलं ब्रेकवर पाय आहे, म्हणजे बरे आहेत... संध्याकाळी कडी काढली. पाय तसाच होता, काका. ताठ. सोडवायला दोन माणसं लागली."

करंटकाका चहा प्यायचा विसरला.

"तेव्हापासून रोज दुपारी भोकाशी खरखर ऐकू येते. मी ऐकते, हे नाही ऐकत. पण किल्ली नव्हती ना... किल्ली नाही म्हणून थांबले होते ते."

एवढं बोलून तिने कप उचलला आणि आत गेली. कडीचा आवाज आला नाही. दार उघडंच राहिलं.

आता सरळ मार्ग होता. सामान गोळा करायचं, कुलूप खिशात घालायचं, बॅटरीची तार काढायची आणि चालू लागायचं. करंटकाकाने हे ठरवलंही. पक्कड पिशवीत टाकली. मुलगा दोन दिवस बोलेल, बोलू दे. मेलेल्या माणसाच्या पायाखाली गाडी द्यायची नसते, हे कळायला शाळा लागत नाही.

तेवढ्यात चष्मेवाला डोळे चोळत आला.

"झालं?"

"नाही. मी सांगतो ते ऐका. गाडीला किल्लीच बरी. मी नवं कुलूप आणून..."

"का? जमत नाही?" चष्मेवाल्याने त्याचा उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि उजेडात धरला, जसं दुकानात एखाद्याची जुनी फ्रेम बघतात. हात थरथरत होता. चष्मेवाला खदखदून हसला. "अहो, हे काय! ह्या हाताने तुम्ही वायरी जोडणार? घरी कोणी नाही का तुम्हाला बसवून ठेवायला? म्हातारे सगळे एका माळेचे मणी. आमचेही असेच. हात चालत नाही, पण गाडी पाहिजे. तुमच्या पोराला फोन करतो, त्याचा नंबर आहे माझ्याकडे. सांगतो, घेऊन जा बाबांना."

त्याने खरंच खिशातून फोन काढला.

"ठेवा तो," करंटकाका म्हणाला. "अर्ध्या तासात देतो."

"हां! आता कसं."

राग दोन जातींचा असतो. एक उकळतो आणि उतू जातो. दुसरा बर्फासारखा गोठतो, आणि त्यावर हात स्थिर राहतो. करंटकाका पुन्हा त्या पेडलाशेजारी उलटा झोपला. मलमाचा वास त्याच्या नाकाशी होता. पेडल खाली होतं. एकदा त्याचं कोपर कशाला तरी लागलं, हाडासारखं आणि गार, तेव्हा तो नुसता म्हणाला, "जरा सरका." ते सरकलं.

एकेक वायर त्याने सोलली, पिळली, टेप गुंडाळली. असं काम त्याच्या हातून पाच वर्षांत झालं नव्हतं. बटण भोकाच्या जागी असं बसलं, की कारखान्यातून तसंच आलं असावं. तो बाहेर आला, दार लावलं, काच खाली होती तिच्यातून आत पाहिलं.

बटणाची कडी हिरवी होती.

गिअर पहिल्यात होता. न्यूट्रल त्याने स्वतः केला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं.

"झालं," तो म्हणाला.

"पुढचे दिवे लागतात का बघू. तुम्ही दाराशीच थांबा, सांगितलं की दिवे लावा, मी समोरून बघतो." चष्मेवाला बंपर आणि कट्टा यांच्या फटीत पोट आत ओढून शिरला. शिरल्यावर वाकून हेडलाइटची काच रुमालाने पुसायला लागला. मेव्हण्याच्या डोळ्यात भरायची होती ना.

एक शब्द पुरला असता. सरका. करंटकाकाने थोड्या वेळापूर्वी तोच शब्द खाली कोणाला तरी सांगितला होता. आता तो त्याने तोंडात धरला, लहान मूल गोळी धरतं तसा, आणि विरघळू दिला. तो दाराबाहेर उभा होता. एका हातात टेस्ट लॅम्प, दुसऱ्यात टेपची गुंडाळी. हे ध्यानात ठेवा.

आत बटण दबलं. टक.

स्टार्टरचा सेल मारला गेला, ब्रेक सुटला आणि गाडीने एकदम उडी घेतली. चष्मेवाल्याच्या मांड्या कट्ट्यावर चेपल्या गेल्या. तो ओरडला नाही, आधी त्याला कळलंच नाही. त्याचा चष्मा बॉनेटवर पडला. त्याने मान वर करून समोरच्या काचेतून आत पाहिलं, आणि ज्याला चष्म्याशिवाय हातभरावरचं दिसत नव्हतं, त्याला दिसलं.

"बाबा..."

इंजिन बंद पडायला हवं होतं. गिअरमध्ये सुरू केलेली गाडी दोन गचके खाते आणि बंद पडते. ही पडली नाही. मागची चाकं फरशीवर घासायला लागली. रबर जळल्याचा वास सुटला.

"बाबा, देतो... किल्ली देतो... देतो ना..."

गटारात टाकलेली किल्ली कोण देणार? इंजिनाचा आवाज चढला.

तेव्हा कुठे करंटकाकाचे पाय हलले. त्याने काचेतून हात घालून बटण ओढलं, वायरी तोडल्या, मघाशी जोडलेलं सगळं उपटून हातात घेतलं. गाडी चालूच राहिली. आधी कट्टा तडकल्याचा आवाज आला, मग हाडांचा. तेवढ्यात घरात घड्याळाने दोनचे ठोके दिले, आणि इंजिन आपणहून थांबलं, काम झाल्यावर माणूस थांबतो तसं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पहिल्यापासून.

पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, वायरिंगमधला दोष, गाडी गिअरमध्ये. करंटकाका चौकीत तावातावाने भांडला. "जोडणी चोख होती, साहेब! कोणालाही आणा, दाखवा!" साहेब म्हणाले, "चोख जोडणीने माणूस मेला, हे तुम्हाला म्हणायचंय का?" दुसऱ्या दिवशी मुलाने दुकानाला कुलूप लावलं. करंटकाका एका शब्दाने बोलला नाही, तेव्हा मुलगाच घाबरला.

तरी रोज जाऊन तो बंद दुकानाच्या पायरीवर बसायचा. आठवड्याने तिथे चष्मेवाल्याची बायको आली. तब्येतीने सुधारली होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"काका, पोलिसांना तुम्ही खोटं सांगितलंत."

"काय खोटं? मी बाहेर उभा होतो. दाराशी. तुम्हीच बघत होतात."

"बघत होते म्हणून तर म्हणते." ती आजूबाजूला कोणी नाही हे पाहून वाकली. "दोघं होतात आत. शेजारी शेजारी, एका सीटवर मावून. पाय सासऱ्यांचा होता. बोट... तुमचं होतं. तुम्ही हसत होतात, काका."

"मी बाहेर होतो!"

"घाबरू नका. मी सांगितलं, गाडीत कोणीच नव्हतं. एकाला वाचवायचं तर दोघांना वाचवावं लागतं." तिने पुडकं त्याच्या मांडीवर ठेवलं. "ब्रेकखाली राहिली होती. पंचनामा व्हायच्या आत काढून घेतली मी. सांभाळा."

ती निघून गेली. करंटकाकाने कागद सोडवला. आत एक चप्पल होती, उजव्या पायाची. टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली, अंगठा तुटलेला आणि तांब्याच्या तारेने शिवलेला, पाच टाके, शेवटचा तिरका. असा तिरका टाका जगात एकच माणूस घालायचा.

त्याने खाली पाहिलं. त्याच्या दोन्ही पायांत चपला होत्या. उजवीला पाच टाके, शेवटचा तिरका.

मांडीवरची चप्पल त्याने उचलली. आतून ती गरम होती, आताच कोणीतरी पाय काढून घेतल्यासारखी.